वर्दी: आधी आणि नंतर

केंद्रावर चहा आला, तो कपांवर बश्या पालथ्या घालून. फक्त माझ्या कपावर बशी नव्हती. पाहुण्याला वर्दीवर जायचं नसतं, एवढंच त्याचं कारण. बाकीच्या पाच जणांना कुठल्या घोटाला कप खाली ठेवून पळावं लागेल हे सांगता येत नाही, आणि परत येईपर्यंत चहात माशी पडलेली नको, म्हणून ही सोय. गार चहा त्यांना चालतो. बहुतेकदा तसाच प्यावा लागतो.

लहान शहरातलं नगरपरिषदेचं अग्निशमन केंद्र होतं ते. पत्र्याच्या शेडमध्ये दोन बंब, त्यातला एक बराच जुना. शेडला लागून वॉच रूम. तिच्यात एक टेबल, टेबलावर फोन, फोनशेजारी वर्दी नोंदवही आणि भिंतीवर नंबरांचा फळा. सरकारी रुग्णालय, पोलीस ठाणे, वीज मंडळाचं उपकेंद्र, गॅस एजन्सी, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन आणि सगळ्यात खाली सर्पमित्र. बाहेरच्या जगात वर्दी म्हणजे गणवेश. अग्निशमन दलात वर्दी म्हणजे खबर. वर्दी येते, वर्दीवर जायचं असतं, आग मोठी असेल तर वर्दीचा क्रमांक वाढवून जादा कुमक मागवायची असते.

मी तिथे दीड तास बसलो होतो. तेवढ्यात फोन नऊ वेळा वाजला. चार वेळा पलीकडून कुणी बोललंच नाही. दोनदा लहान मुलं खिदळली. एकाला लग्नासाठी पाण्याचा टँकर हवा होता, तर दुसऱ्या एकाला दुसऱ्याच कुठल्यातरी कार्यालयाचा नंबर. नववा फोन खरा होता: उसाच्या फडाला आग. नोंदवहीत लिहायला त्या दीड तासातली एकच ओळ निघाली. पण मी पाहत होतो ती माणसं. फोन नऊ वेळा वाजला आणि नऊही वेळा पाच माना एकदम वर झाल्या. गप्पांमधलं वाक्य अर्ध्यावर थांबलं, एकाचा हात बुटाकडे गेला, आणि पलीकडून कुणी नाही हे कळल्यावर वाक्य पुन्हा सुरू झालं. तेही त्याच शब्दापासून. हे त्यांच्या अंगवळणी पडलंय, असं आपण सहज म्हणून जातो. ते त्यांच्या अंगाला काय करतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

अग्निशामकाच्या ताणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. धोका आगीत, म्हणून ताणही आगीत, असं आपण धरून चालतो. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या माणसांचा जो अभ्यास झाला आहे, तो वाचताना माझं मत मात्र बदलत गेलं. आग हा या नोकरीचा सगळ्यात छोटा भाग आहे. माणूस झिजतो तो आगीच्या आधी आणि आगीच्या नंतर.

याचा सगळ्यात ठळक पुरावा हृदयाचा आहे. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कामावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांच्या नोंदी स्टेफानोस केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले मृत्यू त्यात धरले नव्हते. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण १,१४४ मृत्यूंपैकी ४४९ हृदयविकाराने झाले होते, म्हणजे दर पाचातले जवळपास दोन. हे मृत्यू कुठल्या क्षणी झाले, हेही त्यांनी पाहिलं. ३२.१ टक्के आग विझवताना, १३.४ टक्के वर्दीवर जाताना आणि १७.४ टक्के वर्दीवरून परतताना. बाकीचे व्यायामात, इतर बचावकार्यात आणि रोजच्या साध्या कामात. प्रत्यक्ष आग विझवण्यात दलाचा वेळ जातो तो वर्षभरातल्या वेळेच्या जेमतेम एक ते पाच टक्के. त्यामुळे आगीसमोरचा धोका प्रचंडच आहे, यात वाद नाही. पण जाताना आणि येताना मिळून होणारे मृत्यूही आगीसमोरच्या मृत्यूंच्या जवळपास येतात. जिथे ज्वाळा नाही, धूर नाही, भिंत कोसळत नाही, तिथे ही माणसं गेली.

म्हणून एका वर्दीचाच माग काढू. घंटा वाजल्यापासून.

घंटा वाजते तेव्हा अग्निशामक बहुधा काही करत नसतो. झोपलेला असतो, जेवत असतो किंवा होज पाइपांच्या गुंडाळ्या करत असतो. तिथून काही सेकंदांत त्याचं शरीर युद्धाला उभं राहतं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, यकृत साखर मोकळी करतं. हे सगळं स्नायूंच्या तयारीसाठी असतं. पळायला किंवा लढायला लागणारं सगळं सामान रक्तात ओतलं जातं. शरीराला खरी घंटा आणि खोटी घंटा यांतला फरक मात्र कळत नाही. फोनवर खिदळणाऱ्या मुलासाठीही तेवढंच सामान ओतलं जातं, आणि ते वापरलं न जाताच तिथे राहतं. रात्री तर आणखी वाईट. गाढ झोपेतून एका झटक्यात पूर्ण जागं होणं हे हृदयासाठी फार महागडं काम आहे. परदेशांतल्या काही दलांनी यावर साधा उपाय केला: घंटा एकदम कर्कश न वाजवता हळू आवाजापासून चढवत न्यायची, आणि रात्री डोळ्यांवर एकदम प्रखर दिवे न मारता आधी मंद लाल प्रकाश लावायचा. काही सेकंदांचाच फरक, पण हृदयाला तो मिळतो.

जिथे कर्मचाऱ्यांची घरं केंद्राला लागूनच असतात, तिथे ही घंटा घरातही ऐकू येते. मुंबईत अशा वसाहती आहेत. खाली बंब, वर संसार. ड्यूटी नसलेला माणूसही घंटेला दचकतो, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, मुलं आणि म्हातारी आईसुद्धा. वर्दी कुणाच्या वाट्याची आहे, हे आधी त्या घराला कळतं, मग शहराला.

घंटेनंतर रस्ता. शहरात वर्दी आल्यापासून पाच ते सात मिनिटांत बंब पोहोचावा, अशी आपल्याकडची अपेक्षा आहे. रस्त्यांची रुंदी, दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्या, फेरीवाले, खोदकाम आणि मिरवणुका यांतल्या कशाचाच त्या अपेक्षेला पत्ता नाही. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये कामाच्या ताणाविषयी एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही, असं तो म्हणतो. काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला मोडते. चौकात अडकलेल्या बंबाच्या केबिनमध्ये ही मांडणी जशीच्या तशी दिसते. भोंगा वाजतोय, वॉकीटॉकीवर केंद्र विचारतंय, लांबून धूर दिसतोय आणि समोर एक मोटार आहे जी हलत नाही. सगळी जबाबदारी केबिनमधल्या माणसांची, आणि त्यांच्या हातात स्टिअरिंगखेरीज काही नाही.

आणि पोहोचल्यावर पहिलं वाक्य कानावर पडतं ते ठरलेलं: आत्ता आलात होय? त्यापुढचं वाक्य त्याहून जुनं आहे, की बंब आला पण पाणीच नव्हतं. ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि खरं सांगायचं तर काही वेळा स्वतःही केली आहे. मामांनी, म्हणजे या केंद्रावरच्या सगळ्यात जुन्या यंत्रचालकांनी, मला हिशेब समजावून सांगितला. साध्या बंबात चार-साडेचार हजार लिटर पाणी मावतं. मोठ्या आगीवर पूर्ण दाबाने पाणी सोडलं की टाकी दहा मिनिटांच्या आत रिकामी होते. मग बंब पाणी भरायला जातो किंवा दुसरा येईपर्यंत थांबतो. नेमक्या त्याच वेळी येणाऱ्या माणसाला दिसतो तो पाणी नसलेला बंब. "दादा, पाणी घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढली असं तीस वर्षांत एकदा नाही झालं," मामा म्हणाले. "पण दगड तीनदा खाल्लेत."

आता आग. इथे मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण याविषयी सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय. अंगावर जाड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर श्वसन उपकरणाचा सिलिंडर, आणि हा सगळा जामानिमा वीस किलोंच्या वर. पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशी शरीराची उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या १९ धडधाकट अग्निशामकांना सरावाच्या आगीत पाठवलं. जळत्या दुमजली इमारतीतून ८० किलोंचा पुतळा ओढून बाहेर काढायचा, एवढंच काम. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसलं की बाहेर आल्यावर त्यांचं रक्त जास्त चिकट झालं होतं, त्यात गुठळी धरण्याची शक्यता वाढली होती आणि रक्तवाहिन्यांची सैल होण्याची ताकद घटली होती. घामाने पाणी गेलेलं, रक्त दाटलेलं, आणि हा परिणाम आग विझल्यावरही काही तास टिकणारा. ज्याच्या रक्तवाहिन्यांत आधीच दोष आहे, त्याला परतीच्या वाटेवर झटका का येतो, याचं उत्तर इथे आहे.

पण मनाच्या दृष्टीने आग हा एकाग्रतेचा काळ असतो. काय करायचं ते माहीत असतं, हात शिकलेले असतात, शेजारी आपला माणूस असतो. आगीत असताना भीती वाटत नाही, असं सांगणारा एखादा अग्निशामक फुशारकी मारत नसतो. त्याची भीती पुढे ढकललेली असते.

पुढे ढकललेली भीती परत कधी येते, हे कुणाला सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात १६ फेब्रुवारी १९८३ रोजी वणव्यांनी दोन राज्यं होरपळून निघाली. अ‍ॅश वेन्सडे म्हणून तो दिवस तिकडे ओळखला जातो. अलेक्झांडर मॅकफार्लेन या मनोविकारतज्ज्ञाने ते वणवे विझवणाऱ्या ४६९ स्वयंसेवक अग्निशामकांचा पुढे चार, अकरा आणि एकोणतीस महिन्यांनी मागोवा घेतला. दोन गोष्टी अनपेक्षित निघाल्या. आगीशी सामना किती भीषण होता, तेवढ्यावरून पुढे कोण आजारी पडेल हे सांगता येत नव्हतं. दुसरी म्हणजे, चार महिन्यांनी ठणठणीत दिसलेल्या काहींना त्रास नंतर सुरू झाला. माणूस बरा आहे ना, हे आगीच्या दुसऱ्या दिवशी विचारून समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा अभ्यास वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

मी बसलो होतो त्याच केंद्रावरचा एक तरुण फायरमन. कंत्राटी, तीन वर्षं झालेली. महामार्गावर रात्री मोटार ट्रकखाली घुसली होती. कटरने पत्रा कापून आतल्याला काढायचं होतं. त्याने कापला, काढलं. "ओळखलं नव्हतं मी आधी," तो म्हणाला. "मनगटावर घड्याळ होतं. ते मीच त्याच्याबरोबर जाऊन घेतलेलं." दोघं एका तालमीतले. मोठ्या शहरातल्या अग्निशामकाला एवढी तरी सोय असते, की ढिगाऱ्याखाली सापडलेला माणूस बहुधा अनोळखी असतो. लहान गावात तीही नाही. ज्या घराला आग लागते त्या घरात लहानपणी कधीतरी जेवलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाजारातून, त्याच लोकांसमोरून भाजी घेऊन जायचं असतं.

दलात मृतदेहाला बॉडी म्हणतात. दोन बॉड्या काढल्या, एक बॉडी पाण्यात होती. बाहेरच्याला हे ऐकताना काटा येतो, मलाही आला. पण हा शब्द ढाल आहे. नाव, नातं, वय हे सगळं बाजूला ठेवल्याशिवाय हात चालत नाहीत. प्रश्न एवढाच, की ही ढाल घरी गेल्यावर उतरते का? ख्रिस्तीना मॅस्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची जी पद्धत तयार केली, तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात. पहिली, आतून रितं झाल्यासारखा थकवा, जो झोपेने जात नाही. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांकडे वस्तूसारखं बघायला लागणं. तिसरी, आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही, ही भावना. अग्निशामकाच्या बाबतीत दुसरी गोष्ट कामाची गरज म्हणून शिकलेली असते, म्हणून ती आजार होऊन बसली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. बायकोला येते. मुलगा पडला, रक्त आलं, आणि बाप नुसता बघत राहिला, हे तिला दिसतं.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने रूढ केला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात झटून काम करणारी तरुण मंडळी वर्षभरात कशी कोमेजून जातात, हे तो पाहत होता. पुढे आपल्या पुस्तकात ही अवस्था समजावताना त्याने जळून गेलेल्या इमारतीचं उदाहरण घेतलं. बाहेरच्या भिंती उभ्या असतात, आत पाऊल टाकल्यावर कळतं की काही उरलेलं नाही. ज्यांच्या डोळ्यांना अशी इमारत रोजची, त्यांच्यावर हा शब्द लावताना माझा हात जरा अडखळतो, पण शब्द बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हटलं आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. भीषण प्रसंगाच्या आठवणींनी पछाडणं वेगळं आणि बर्नआउट वेगळं. पहिलं एका रात्रीत होऊ शकतं. दुसऱ्याला वर्षं लागतात आणि त्याला आग लागतच नाही. फाटलेला गणवेश बदलून न मिळणं, दोन माणसांचं काम एकाने करणं, तिसऱ्या महिन्यात पहिल्या महिन्याचा पगार होणं, चोवीस तासांच्या ड्यूटीला जोडून आणखी एक ड्यूटी लागणं, एवढ्यावर ते पोसलं जातं. योहानेस सीगरिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दाखवून दिलं, की कष्ट आणि त्यांचा मोबदला यांचं गणित वर्षानुवर्षं जुळत नसेल तर हृदयावर परिणाम होतो. मोबदल्यात त्याने पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. त्या कंत्राटी फायरमनकडे या तिन्हींपैकी काय आहे, हे मी त्याला विचारू शकलो नाही.

मान आपण देतो तो मरणानंतर. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दलाचे जवान सतत पाणी मारत होते. दुपारी चारनंतर स्फोट झाला आणि दलातले ६६ जण गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत भाग कोसळला आणि मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले: संजय राणे, महेंद्र देसाई, उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. राणे आणि देसाई तिथेच गेले. अमीन आणि नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत झुंजत राहिले आणि त्याच महिन्यात गेले. त्या पंधरवड्यातही मुंबईत फोन वाजत होते. ज्यांनी आपल्या प्रमुखाला भाजलेलं पाहिलं, तेच लोक दुसऱ्या दिवशी वर्दीवर गेले. दलाला सुतक पाळता येत नाही. मला या सगळ्या कहाणीतली सगळ्यात जड गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे मरण पचवण्यासाठी तेरा दिवसांची रीत आहे, घरात माणसं जमतात, चूल थंड असते, बोललं जातं. केंद्रावर चूल थंड ठेवता येत नाही.

मग बोलायचं कधी? यावर अमेरिकेत एक उपाय निघाला. जेफ्री मिचेल हा स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेला माणूस. १९८३ मध्ये त्याने एक पद्धत मांडली: मोठ्या दुर्घटनेनंतर लवकरात लवकर सगळ्यांना गोलात बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एका बैठकीत बोलून टाकायला लावायचं. ही पद्धत जगभर पसरली, कारण ती पटण्यासारखी होती आणि स्वस्त होती. पुढे तिची कसून तपासणी झाली तेव्हा पंचाईत झाली. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, १९९७ मध्ये, अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनंतर आघाताचा मानसिक आजार होता. बैठक न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं. इतर अभ्यासांतूनही एका बैठकीचा फायदा दिसला नाही, आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांनी असं करू नये, असंच सांगितलं. ताज्या जखमेवरची खपली सगळ्यांसमोर काढायला लावली, तर जखम चिघळू शकते.

याचा अर्थ गप्प बसवावं असा काढला गेला तर अनर्थ होईल. अमेरिकेत २०१७ या एका वर्षात कामावर ९३ अग्निशामकांचा मृत्यू झाला, आणि किमान १०३ जणांनी स्वतःचा जीव दिला. ओक्लाहोमा शहरात १९९५ मध्ये सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट होऊन १६८ जण मेले, त्यांत १९ लहान मुलं होती. तिथे काम केलेल्या १८१ अग्निशामकांचा नंतर अभ्यास झाला. आघाताच्या आजाराचं प्रमाण त्यांच्यात १३ टक्के निघालं, स्फोटात सापडलेल्या पुरुषांमध्ये ते २३ टक्के होतं. म्हणजे ही माणसं खरंच चिवट असतात. पण त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा आजार झालेला होता, बहुतेकांना स्फोटाच्या आधीपासून. जे बोललं जात नाही, ते कुठेतरी बुडवलं जातं.

न्यूयॉर्कच्या दलाने ११ सप्टेंबर २००१ ला ३४३ माणसं गमावली. पण कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्याच्या धुळीने होणारे आजार पुढे येत राहिले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात त्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली. वर्दी संपायला बावीस वर्षं लागू शकतात, हे त्या दलाला कळलं. हल्ल्यानंतर त्याने आपल्या समुपदेशन विभागाचा विस्तार केला आणि दलातल्याच माणसांना सहकाऱ्यांकडे लक्ष ठेवायला शिकवलं. ब्रिटनच्या नौसैनिकांमधून आलेली एक पद्धतही याच वळणाची आहे. हुद्द्याने मोठा नसलेला, आपल्यातलाच एक प्रशिक्षित सहकारी प्रसंगानंतर काही दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने गाठतो. बोल म्हणून आग्रह धरत नाही. झोप लागते का, जेवतोस का, चिडचिड वाढली का, एवढं विचारतो, आणि गरज दिसली तर डॉक्टरकडे घेऊन जातो. मला यातले ‘पुन्हा महिन्याभराने’ हे दोन शब्द सगळ्यात मोलाचे वाटतात.

घड्याळाच्या प्रसंगानंतर मामांनी त्या तरुणाला आठवडाभर वॉच रूममध्ये बसवलं. कुठल्या पुस्तकात वाचून नाही. त्याच्याकडून रोज संध्याकाळी होज पाइप गुंडाळून घ्यायचे, एक टोक त्याच्या हातात, दुसरं मामांच्या. पंधरा मीटर लांबीचा पाइप दोघांनी गुंडाळत आणला की शेवटी माणसं समोरासमोर येतात. तेव्हा काही बोलला तर ऐकायचं, नाहीतर दुसरा पाइप घ्यायचा. बाराव्या की तेराव्या दिवशी तो बोलला, असं मामा म्हणाले. तालमीत अजून जात नाही. झोपही अजून लागत नाही.

याहून पुढे मामांना काही करता येत नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना टेली मानसविषयी सांगितलं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र केव्हाही फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. मामांनी नंबर दोनदा विचारला. मग वॉच रूममध्ये जाऊन खडू शोधला आणि फळ्यावर, सर्पमित्राच्या खाली उरलेल्या चार बोटं जागेत तो लिहिला. कशाचा नंबर ते लिहायला जागा उरली नाही. नेमका तेव्हा फोन वाजला, खडू टेबलावर ठेवून त्यांनी तो उचलला, आणि शेडमध्ये पाच माना वर झाल्या.